कॅम्डेनचा आरोग्यसंघ

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत डेलावेअर नावाची नदी वाहते. तिच्या पश्चिम तीरावर फिलाडेल्फिया हे इतिहासप्रसिद्ध नगर वसलेले आहे, आणि समोरच्या तीरावर, न्यू जर्सी राज्याच्या हद्दीत, कॅम्डेन हे लहानसे शहर आहे. कवी वॉल्ट व्हिटमन याने आयुष्याची अखेरची वर्षे येथेच घालविली व 1892 मध्ये येथेच देह ठेवला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शहर कारखान्यांनी गजबजलेले होते. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपल्याकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांवर अनेकांनी पाहिले असेल. अमेरिकेत ते चिन्ह वापरणाऱ्या व्हिक्टर कंपनीचे कारखाने कॅम्डेनमध्ये होते. डबाबंद सूप करणारी कॅम्बेल कंपनी येथलीच, आणि नावात न्यूयॉर्क असले तरी न्यूयॉर्क शिपबिल्डिंग ही प्रचंड जहाजगोदीही येथलीच. 1967 मध्ये गोदी बंद पडली. 1990 मध्ये कॅम्बेलने आपला येथील कारखाना बंद केला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. ज्यांना शक्य नव्हते ते राहिले. 2020 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 72,000 च्या आत भरली, आणि देशातील अत्यंत दरिद्री शहरांत कॅम्डेनची गणना होऊ लागून तर कित्येक वर्षे लोटली आहेत.

या शहरात 2002 साली काही डॉक्टरांनी एकत्र येऊन एक संस्था उभारली. तिचे इंग्रजी नाव ‘कॅम्डेन कोॲलिशन’ असे आहे. कोॲलिशन या शब्दासाठी आपण वृत्तपत्रांत ‘आघाडी’ हा शब्द वाचतो. परंतु त्याला निवडणुकीचा वास येतो, म्हणून या पुस्तिकेत ‘संघ’ हाच शब्द योजिला आहे. या संघाने काय केले, आणि आपण केलेल्या कामाचा खरोखर उपयोग झाला की नाही हे त्याने कसे पडताळून पाहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. यांपैकी दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, असे वाचकांनाही शेवटी वाटेल.

आजार एक, दारे अनेक

प्रथम तेथील व्यवस्थेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. 1986 च्या एका कायद्यान्वये अमेरिकेतील जवळजवळ सर्व रुग्णालयांवर असे बंधन आहे की, तातडीच्या विभागात आलेल्या कोणत्याही माणसाला, त्याच्यापाशी पैसे असोत वा नसोत, तपासलेच पाहिजे आणि त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. कायदा दयाळू आहे. परंतु ज्याला नेहमीचा डॉक्टर नाही, ज्याच्यापाशी औषधांना पैसे नाहीत, अशा गरीब माणसाला हे एकच दार सदैव उघडे असते. म्हणून तो प्रत्येक वेळी तेच ठोठावतो. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला झालेली जखम वेळीच दाखविली तर साध्या दवाखान्यात बरी होऊ शकते. तीच चिघळल्यावर तो रुग्णालयात येतो, आठवडाभर राहतो, बरा होऊन जातो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. रुग्णालयाला प्रत्येक खेपेचे पैसे वेगळे मिळतात. गरिबांसाठी केंद्र व राज्य शासने मिळून चालवीत असलेल्या ‘मेडिकेड’ या विमा योजनेतून ते दिले जातात. रुग्ण पुन्हा येऊ नये हे पाहण्याचे पैसे मात्र कोणालाच मिळत नसत; साहजिकच ते काम कोणाचेच नव्हते.

शिवाय एकाच रुग्णाची माहिती ठिकठिकाणी विखुरलेली असे. या आठवड्यात तो एका रुग्णालयात गेला, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. तिसऱ्याच दवाखान्यातील डॉक्टरने त्याला औषधे लिहून दिली. या तिघांपैकी एकालाही उरलेल्या दोघांचा पत्ता नसे.

नकाशावरील दोन इमारती

संघाचे संस्थापक डॉ. जेफ्री ब्रेनर हे कॅम्डेनमध्येच कुटुंबवैद्य म्हणून काम करीत. प्रारंभी शहरातील काही डॉक्टर सकाळच्या न्याहारीला जमत आणि आपापल्या अडचणी बोलून दाखवीत, एवढेच संघाचे स्वरूप होते. ब्रेनर यांना गुन्हेगारीच्या अभ्यासातही रस होता. गुन्हे शहरात सर्वत्र सारखे विखुरलेले नसून थोड्या गल्ल्यांत एकवटलेले असतात, हे त्या शास्त्रातील सुपरिचित निरीक्षण होय. आजारांचेही तसेच असेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी शहरातील तिन्ही प्रमुख रुग्णालयांना आपली बिले पाहू देण्यास राजी केले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन संस्थांकडून आर्थिक नोंदी मिळविणे हे सोपे काम नव्हे. संघाचे पहिले खरे यश हेच म्हणावे लागेल.

या बिलांवरून त्यांनी शहराचे गल्लीवार नकाशे तयार केले. रुग्णालयांचा लाभ घेणाऱ्या सुमारे एक लाख लोकांपैकी केवळ शेकडा 1 लोकांवर एकूण खर्चाच्या शेकडा 30 इतका खर्च होत होता. एक रुग्ण पाच वर्षांत 324 वेळा रुग्णालयात दाखल झाला होता. नकाशावर दोन इमारती ठळकपणे उठून दिसत: एक मोठे शुश्रूषागृह आणि दुसरी अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेली उंच वसाहत. जानेवारी 2002 ते जून 2008 या काळात या दोन इमारतींतील सुमारे 900 लोक मिळून 4,000 हून अधिक वेळा रुग्णालयांत गेले होते, आणि त्यांची बिले सुमारे 20 कोटी डॉलर झाली होती.

येथे वाचकांना 1854 मधील लंडनच्या पटकीची साथ आठवेल. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या आणि त्यांपैकी बहुतेक एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेल्या आढळल्या. परंतु या दोन नकाशांत एक मोठा भेद आहे. लंडनच्या नकाशाने रोगाचे कारण दाखविले. पंपाचा दांडा काढून घेता येत होता. कॅम्डेनच्या नकाशाने आजारी माणसे कोठे राहतात एवढेच दाखविले. काढून घेण्याजोगा दांडा तेथे नव्हता.

काम कसे चाले

मग संघाने करावे काय? त्याच्यापाशी स्वतःचे रुग्णालय नव्हते की खाटा नव्हत्या. जी दारे आधीच होती त्यांच्यामध्ये रुग्णाला हात धरून नेणे, हेच त्याने आपले काम ठरविले. 2010 पासून शहरातील रुग्णालयांच्या नोंदी एका सामायिक यंत्रणेत येऊ लागल्या. त्यामुळे कोणता रुग्ण कोठे दाखल झाला आहे, हे संघाच्या कार्यालयात रोजच्या रोज कळू लागले. सहा महिन्यांत दोन वा अधिक वेळा दाखल झालेले, एकाहून अधिक जुनाट व्याधी असलेले आणि त्यावर आणखी अडचणींनी ग्रासलेले, म्हणजे अनेक औषधे चालू असलेले, व्यसनाधीन, मनोविकारग्रस्त, निराधार किंवा बेघर, असे लोक त्यांतून निवडले जात.

संघाचा माणूस प्रथम रुग्णाला त्याच्या खाटेपाशीच भेटे. रुग्ण घरी गेला की परिचारिका, समाजसेविका आणि आरोग्य कार्यकर्ते यांचे एक पथक त्याच्या घरी जाई. आपल्याकडील ‘आशा’ ज्याप्रमाणे वस्तीतल्याच असतात, तसे या पथकांतील आरोग्य कार्यकर्तेही शक्यतो त्याच समाजातून घेतलेले असत. घरी जाऊन ते सगळ्या औषधांच्या बाटल्या टेबलावर मांडीत. दोन रुग्णालयांनी एकच औषध दोन निराळ्या नावांनी दिलेले असावे आणि रुग्णाने ती दोन्ही घ्यावीत, अशासारखे घोटाळे अशा मांडणीतच उघडकीस येतात. नंतर डॉक्टरची वेळ ठरविणे, त्याच्याबरोबर जाणे, सरकारी अन्नसाहाय्याचा किंवा ओळखपत्राचा अर्ज भरून देणे, घरमालकाशी बोलणे, अशी कामे सुमारे तीन महिने चालत. 2014 पासून संघाने शहरातील दवाखान्यांशीही एक ठराव केला. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाला जो दवाखाना सात दिवसांच्या आत तपासील, त्याला त्याबद्दल वेगळा मोबदला मिळू लागला, आणि रुग्णाच्या जाण्यायेण्याचीही सोय करण्यात आली. यात वैद्यकशास्त्राचा कोणताही नवा शोध नाही. ज्या कामाचे बिल आजवर कोणी करीत नव्हते, ते काम पगारी माणसांकडून करवून घेण्याची ही युक्ती आहे; आणि कुटुंबात जाणते माणूस असेल तर ते पुष्कळदा हेच करीत असते.

संघाच्या पहिल्या 36 रुग्णांचा हिशेब मोठा आशादायक होता. कार्यक्रमात येण्यापूर्वी हे सर्व मिळून महिन्याला सरासरी 62 वेळा रुग्णालयात जात. नंतर हा आकडा 37 वर आला. महिन्याचे बिल सुमारे 12 लक्ष डॉलरवरून 5 लक्षांच्या थोडे वर आले. मूळचे विदर्भातील असलेल्या घराण्यातील शल्यचिकित्सक आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी जानेवारी 2011 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात याविषयी विस्तृत लेख लिहिला, आणि कॅम्डेनचे नाव देशभर झाले. इतर शहरांतही असेच संघ निघू लागले. मात्र या 36 जणांची तुलना अन्य कोणाशी केलेली नव्हती.

सरासरीकडे प्रत्यागमन

ही तुलना का हवी? पूर्वी 62, नंतर 37; मग आणखी काय सिद्ध करावयाचे राहिले?

आपण वैद्याला बोलावतो ते ताप उतरणीला लागलेला असताना नव्हे, तर तो सर्वांत चढलेला असताना. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, आणि काढ्याला श्रेय मिळते. काढ्याने गुण आला असेलही. पण कमाल पातळीवर गेलेला ताप पुढे बहुधा उतरणारच असतो. ज्या वर्षी एखाद्या गावी अतोनात पाऊस पडला, त्याच्या पुढच्या वर्षी तो बहुधा कमी असतो. पहिल्या चाचणीत वर्गात सर्वांच्या पुढे गेलेल्या पाच मुलांची दुसऱ्या चाचणीतील सरासरी बहुधा थोडी खाली येते, कारण पहिल्या खेपेस अभ्यासाबरोबर दैवही त्यांच्या बाजूने होते. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 मध्ये आईबाप व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना ही गोष्ट गणिताने मांडली. तिला ‘सरासरीकडे प्रत्यागमन’ असे म्हणता येईल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते हे आपण म्हणीत सांगतो, आणि संस्कृत पंडित त्यास काकतालीय न्याय म्हणतात. येथे तर बसण्यासाठी मोडू लागलेलीच फांदी निवडलेली असते.

कॅम्डेनमध्ये रुग्णांची निवड नेमकी अशीच होती. जे नुकतेच वारंवार आजारी पडले होते, आयुष्यातील कठीण काळाच्या शिखरावर होते, तेच कार्यक्रमात घेतले जात. त्यांतील काही जण कोणी काही न करताही सावरणार होते. किती जण, हे जाणण्याचा मार्ग एकच: तंतोतंत तसेच, परंतु कार्यक्रमात न घेतलेले, दुसरे लोक पाहणे.

ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात नवजात बालकांच्या घरच्या घरी शुश्रूषेचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावांत ही सेवा दिली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर मान्य झाले, याला ही तुलना हे एक मोठे कारण होते.

चिठ्ठीचा निवाडा

कॅम्डेनच्या संघाने याहूनही कठोर कसोटी पत्करली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाइन व त्यांचे सहकारी यांच्या हाती त्याने आपले काम तपासणीसाठी दिले. 2014 ते 2017 या वर्षांत निवडीच्या सर्व अटी पूर्ण करणाऱ्या आणि संमती देणाऱ्या 800 रुग्णांची नावे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली गेली. एका गटाला संघाचे पथक मिळाले. दुसऱ्या गटाला रुग्णालयाची नेहमीची सेवा मिळत राहिली. चिठ्ठीचे वैशिष्ट्य असे की ती निवड करणाऱ्याच्या मनातील ओढ, रुग्णाचा उत्साह, घरच्यांचा आग्रह यांपैकी काहीच पाहत नाही. म्हणून दोन्ही गट सर्व बाबतींत सरासरीने सारखे उतरतात.

गरजू माणसाला चिठ्ठी विरुद्ध पडली म्हणून मदत नाकारणे क्रूरपणाचे नव्हे काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो टाळण्यासारखा नाही. परंतु पथके थोडी होती आणि रुग्ण पुष्कळ. सर्वांना सेवा मिळणे तसेही अशक्य होते; मग कोणाला मिळावी हे ओळखीने ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरणे अधिक न्याय्य होय. सेवेचा उपयोग होतो की नाही हेच जोवर ठाऊक नव्हते, तोवर चिठ्ठी न लागलेल्याचे काही हिरावून घेतले असेही निश्चितपणे म्हणता येत नव्हते.

निकाल जानेवारी 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातून गेल्यापासून 180 दिवसांत पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण सेवा मिळालेल्या गटात शेकडा 62.3 होते. सेवा न मिळालेल्या गटात ते शेकडा 61.7 होते.

म्हणजे फरक नव्हता. आता हेच आकडे जुन्या रीतीने, तुलनागटावाचून, वाचून पाहू. कार्यक्रमात येण्याची अट अशी होती की त्यापूर्वीच्या सहा महिन्यांत रुग्ण आणखी एकदा तरी दाखल झालेला असला पाहिजे. तेव्हा आधीचे प्रमाण शेकडा 100 हे ठरलेलेच. नंतरच्या सहा महिन्यांत ते 62 झाले. शेकडा 38 ची घट! कोणत्याही वार्षिक अहवालाला शोभा देईल असा हा आकडा आहे, आणि त्यात एक अक्षरही खोटे नाही. फक्त दुसऱ्या गटातही, ज्यांच्या दारी कोणीच गेले नाही, जवळजवळ तेवढीच घट झाली होती.

निकालाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी सावध राहिले पाहिजे. 800 माणसांच्या प्रयोगात थोडी अनिश्चितता राहतेच. सांख्यिकीय हिशेबाप्रमाणे खरा फरक शेकडा सुमारे 6 ने कमी येथपासून साडेसातने अधिक येथपर्यंत कोठेही असू शकेल. तेव्हा लहानसा लाभ असणे अशक्य नाही. पण देशभर ज्याची अपेक्षा धरली गेली होती तो मोठा लाभ नव्हता, एवढे निश्चित. दुसरीकडे, पुन्हा दाखल होणे हा कामाचा एकच मापदंड कसा, माणसाला मिळालेला धीर मोजला काय, असे पुष्कळांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. तथापि रुग्णालयाच्या खेपा कमी होतील व खर्च वाचेल, हे वचन या कार्यक्रमाबरोबर प्रारंभापासूनच जोडलेले होते. जो गज आपणच हाती घेतला, तो उणे माप दाखवितो म्हणून मागाहून टाकून देणे बरे नव्हे. संघाने तसे केले नाही. निकाल जसा होता तसा मान्य करून त्याविषयी उघडपणे लिहिले, बोलले.

असे का झाले? काही कारणे प्रयोगातच दिसतात. घरी गेल्यावर पाच दिवसांत भेट आणि सात दिवसांत डॉक्टरकडे नेणे हे उद्दिष्ट होते, पण अनेकांच्या बाबतीत ते साधले नाही. कोणाला घर नव्हते, कोणाचा दूरध्वनी बंद होता, डॉक्टरांच्या मोकळ्या वेळा अपुऱ्या होत्या. मनोविकार व व्यसन यांवर उपचार करणाऱ्या जागा तर शहरात थोड्याच. पथकाने रुग्णाला दारापर्यंत नेले तरी दाराआड काहीच नसेल तर नेणाऱ्याचे कौशल्य व्यर्थ जाते. त्याशिवाय, ज्यांची हृदये व मूत्रपिंडे कित्येक वर्षांच्या दारिद्र्याने व आजाराने जीर्ण झाली आहेत, त्यांच्यासाठी तीन महिने हा फार थोडा काळ आहे, असेही म्हणता येईल. पण हे अनुमान आहे, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

मधल्या काळात संघाचे काम काहीसे बदलले होते. राज्य शासनाच्या भाडेसाहाय्याच्या आधारे बेघर रुग्णांना, व्यसन सोडण्याची वा उपचार घेण्याची अट न घालता, प्रथम राहते घर मिळवून देण्याचा उपक्रम त्याने हाती घेतला. त्याच 800 रुग्णांच्या नोंदीही पुन्हा तपासल्या गेल्या. सेवा मिळालेल्या गटात सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले होतेच. 2024 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, घरी गेल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या गटातील लोक दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक संख्येने डॉक्टरकडे, आणि त्यातही नेहमीच्या डॉक्टरकडे, गेले होते. म्हणजे पथक आपले पहिले काम करीत होते: रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत होता. दवाखान्यातून परतल्यावर पुढच्या पाच महिन्यांत त्याला पुन्हा रुग्णालयात काय नेत होते, हे शोधण्याचे काम आता त्या नकाशापुढे उरले आहे.